नाव देणे, नावे ठेवणे : महाराष्ट्रातील जातिवाचक वस्तीनामांचा आढावा

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 2 डिसेंबर 2020 रोजी राज्यातील गावे, वस्त्या आणि रस्ते यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभागाने त्याच महिन्याच्या 11 तारखेला त्याचा शासन निर्णय काढला. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावे उदाहरणादाखल देऊन त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवण्यात आली. याआधी राज्याने ‘दलित मित्र’ पुरस्काराचे नाव बदलून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण पुरस्कार असे केले होते आणि दलित वस्ती सुधार योजनेलाही नवे नाव दिले होते; त्या धोरणाचेच हे पुढचे पाऊल होते. त्यामागचा हेतू स्वच्छ होता आणि तो स्वागतार्हच मानला पाहिजे. तथापि, या निर्णयाने जो प्रश्न हाती घेतला तो केवळ पाट्या बदलण्याचा नाही. एखाद्या ठिकाणाचे नाव अपमानकारक आहे हे कोणी ठरवायचे, ते बदलण्याचा अधिकार कोणाचा आणि जुन्या नावाचे पुढे काय करायचे, हे तीन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत आणि त्यांची उत्तरे शासन निर्णयाच्या मजकुरात पुरेशी सापडत नाहीत.

ठिकाणांच्या नावांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात, म्हणजे स्थलनामशास्त्रात, अंतर्नाम आणि बाह्यनाम असा भेद करतात. एखाद्या ठिकाणी राहणारे लोक आपल्या जागेला ज्या नावाने ओळखतात ते अंतर्नाम, आणि बाहेरच्यांनी तिला दिलेले ते बाह्यनाम. हा भेद प्रामुख्याने देशांच्या आणि शहरांच्या नावांसाठी वापरला जात असला, तरी मराठी खेड्याच्या रचनेला तो विलक्षण चपखल बसतो. गावकुसाच्या आत पाटील, कुलकर्णी, कुणबी आणि बलुतेदार यांच्या आळ्या, आणि गावकुसाबाहेर, बहुधा ओढ्याच्या खालच्या अंगाला, महारवाडा आणि मांगवाडा, अशी ही रचना होती. त्यात कुंभारआळी किंवा सुतारआळी हे नाव धंद्याचा पत्ता सांगत असे, तर महारवाडा हे नाव केवळ पत्ता सांगत नसे, तर कोणाच्या पाण्याला हात लावायचा नाही आणि कोणाला निरोप धाडून राबवून घ्यायचे हेही सांगत असे. मेलेली जनावरे ओढणे, येसकरकी म्हणजे वेशीची राखण करणे, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवणे ही वतनाची कामे त्या नावाला चिकटलेली होती. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मुंबई कायदे मंडळात मांडले आणि अखेरीस 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली, तरी वस्तीचे नाव मात्र वतनाच्या मागे राहिले. म्हणूनच माळी गल्ली आणि महारवाडा ही दोन्ही नावे जातिवाचक असली, तरी ती एकाच तोलाची नाहीत. पहिल्यात जातीची नोंद आहे, दुसऱ्यात जातीची नोंद आणि सेवेची सक्ती अशा दोन्ही गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकाच यादीत लिहिल्याने हा फरक झाकला जातो.

शासन निर्णयाच्या यादीतील सर्वांत अडचणीचा शब्द महारवाडा नसून बौद्धवाडा हा आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रभर, विशेषतः विदर्भात, मराठवाड्यात आणि कोकणात, लोकांनी आपल्या वस्तीचे नाव स्वतःहून बदलले. 1951 च्या जनगणनेत राज्याच्या आजच्या हद्दीत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती, ती 1961 मध्ये सुमारे 28 लाखांवर गेली; या आकड्यामागे जो निर्धार होता त्याचाच एक भाग म्हणजे महारवाड्याच्या तोंडाशी उभा राहिलेला निळा ध्वज आणि बौद्धवाडा किंवा भीमनगर अशी नवी पाटी. या बदलाला कोणताही शासन निर्णय लागला नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि गावातल्या इतरांच्या तोंडी जुने नाव पुढे कितीतरी वर्षे टिकले, पण वस्तीच्या आत ते संपले होते. त्यामुळे बौद्धवाडा हे महाराष्ट्राच्या इतिहासातील अंतर्नामाचे सर्वांत ठळक उदाहरण ठरते. ते जातीचे नाव नाही, जात नाकारून घेतलेले नाव आहे. अशा नावाला महारवाडा आणि मांगवाडा यांच्या रांगेत बसवणे आणि त्याच वेळी भीमनगर हे नाव ‘बदली नाव’ म्हणून सुचवणे, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, कारण गावातल्या कोणालाही भीमनगर म्हटले की वस्ती कोणाची हे तितक्याच लवकर कळते.

कागदाने मात्र हा निर्धार फार काळ मान्य केला नाही. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्र पातळीवर 1990 च्या कायदेदुरुस्तीनंतरच मिळाल्या, आणि तोपर्यंत अनेक कुटुंबांना शाळेच्या दाखल्यावर जुनी जात लिहून घेण्याखेरीज मार्ग नव्हता. वस्तीत बौद्धवाडा, दप्तरात महारवाडा आणि दाखल्यावर आणखी तिसरेच काही, अशी एकाच घराची तीन रूपे त्यातून तयार झाली.

वरून दिलेल्या चांगल्या नावाचे काय होते, याचा धडा ‘हरिजन’ या शब्दाच्या इतिहासात आहे. महात्मा गांधींनी 1933 मध्ये पुण्यातून ‘हरिजन’ साप्ताहिक सुरू केले आणि हा शब्द काँग्रेसच्या कार्यकर्त्यांबरोबर खेड्यापाड्यांत पोचला. ‘हरिजनवाडा’ आणि ‘हरिजन वस्ती’ ही नावे त्याच लाटेत आली. ज्यांच्यासाठी तो शब्द काढला होता त्यांनीच तो नाकारला. 1938 मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांविषयीच्या विधेयकात हा शब्द घातला गेला तेव्हा डॉ. आंबेडकर आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. पुढे केंद्र सरकारने 1982 मध्ये जातीच्या प्रमाणपत्रांवर हा शब्द लिहू नये असे राज्यांना कळवले, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो अवमानकारक ठरवला. सद्हेतूने दिलेले नाव अर्ध्या शतकाच्या आत स्वतःच बदलण्याच्या यादीत जाऊन बसते, याचे कारण शब्दात नसून तो कोणी कोणासाठी निवडला यात असते.

याच्या उलट टोकाला चांभारगोंदे आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा हे गाव सतराव्या शतकातील घडामोडींच्या संदर्भात चांभारगोंदे या नावाने येते. मालोजीराजे भोसले यांना सापडलेल्या धनाच्या आख्यायिकेत ज्या शेषो नाईक पुंडे यांच्याकडे ते धन ठेवल्याचे सांगितले जाते, ते याच गावचे सावकार. गोविंद नावाच्या एका भाविक चांभारावरून गावाला हे नाव पडले अशी स्थानिक परंपरा आहे. ती खरी धरली तर या नावात अपमान नव्हता. एका श्रमकरी भक्ताच्या नावे अख्खे गाव ओळखले जात होते आणि सरदारांच्या काळात ते नाव मागे पडून त्याच्या जागी ‘श्री’ आला. महाडजवळच्या चांभारगडाला महेंद्रगड असेही म्हणतात, आणि शेजारची खिंड अजून चांभारखिंडच आहे. ज्या महाडात 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, त्याच्या माथ्यावरच्या गडाने एका कष्टकरी जातीचे नाव जपले आहे, ही गोष्ट पुसून टाकण्याजोगी नाही. जातीचा उल्लेख असलेले प्रत्येक नाव अपमानकारक समजून एकाच झाडूने झाडायचे ठरवले, तर अशी नावेही त्यात जातील आणि नकाशावर उरतील ती फक्त राजांची, देवांची आणि सरदारांची नावे. नुसत्या विचित्रपणालाही अपमान समजण्याचे कारण नाही. पुण्याचा खुन्या मुरलीधर किंवा पासोड्या विठोबा यांची नावे त्या शहराने मायेनेच सांभाळली आहेत.

काही नावांत जात नसते, तरी डाग असतो. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, टकारी, भामटा अशा जमातींना ज्या बंदिस्त वसाहतींत ठेवले जाई, त्यांतील एक मोठी वसाहत सोलापूरला होती. भोवती तारेचे कुंपण आणि दिवसातून अनेकदा द्यावी लागणारी हजेरी हे तेथील जगणे होते. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला, कुंपण निघाले, आणि त्या परिसराला ‘सेटलमेंट’ हा शब्द मात्र चिकटून राहिला. तेथील वसाहती आजही सेटलमेंट फ्री कॉलनी या नावाने ओळखल्या जातात. ‘फ्री’ म्हणजे मुक्त असे त्या नावातच लिहिलेले असताना ऐकणाऱ्याच्या मनात आधीचा शब्दच उमटतो. 2020 च्या निर्णयाची चाळणी जातीच्या नावांची असल्यामुळे असे नाव तिच्यातून सहज निसटते. दुसरीकडे, बंजारा समाजाचा ‘तांडा’ हा शब्द बाहेरच्या माणसाला मागासलेपणाचा वाटू शकेल, पण त्या समाजासाठी तो नायक, कारभारी, पंचायत आणि गोर बोली यांसह नांदणाऱ्या जगाचे नाव आहे, आणि राज्याची तांडा वस्ती सुधार योजनाही त्याच शब्दाने चालते. एका ठिकाणी साधा इंग्रजी शब्द जखम ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी जमातीचा शब्द अभिमान ठरतो. शब्दकोश उघडून हा निवाडा होणार नाही, तो तेथे राहणाऱ्यांना विचारूनच होईल.

गाव सोडून गेलेल्या माणसाच्या मागे हे नाव किती लांबवर जाते, हे आखाती देशांतील मराठी वस्तीकडे पाहिले की कळते. दुबई आणि शारजा यांच्या सीमेवर, दोन्ही अमिरातींत एकाच नावाने पसरलेला अल नहदा हा भाग भारतीय कुटुंबांनी गजबजलेला आहे. तेथील पत्त्यात इमारतीचे नाव, सदनिकेचा क्रमांक आणि टपालपेटीचा क्रमांक असतो. दुबईच्या बाजूला प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वाराला ‘मकानी’ नावाचा दहा अंकी क्रमांकही आहे. या पत्त्यात जातीला शिरायला फट नाही. परंतु घरभाड्याचा करार असो, शाळेतला प्रवेश असो किंवा नवी नोकरी असो, पासपोर्टची प्रत द्यावीच लागते, आणि भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वर्षानुवर्षे आईवडिलांच्या नावांबरोबर मायदेशीचा पत्ताही छापला गेला आहे. तेथे ‘मु. पो.’ नंतर वाडीचे नाव येते. अमिराती कारकुनाला किंवा केरळी व्यवस्थापकाला त्या शब्दाने काहीच कळत नाही; रत्नागिरी, सातारा किंवा लातूरहून आलेल्या सहकाऱ्याला मात्र एका नजरेत सगळे कळते. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी 2018 मध्ये हे शेवटचे पान छापणे बंद करण्याचे जाहीर केले होते आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो बेत मागे घेतला. त्या वेळच्या चर्चेचा भर, परदेशी जाण्यापूर्वी सरकारी तपासणी (ईसीआर) लागणाऱ्यांना त्याच घोषणेत देऊ केलेल्या नारिंगी रंगाच्या पासपोर्टवर होता, आणि पत्त्यातून दिसणाऱ्या जातीचा विचार त्यात जवळजवळ झालाच नाही. शेजाऱ्यांना जात ठाऊक नसलेल्या परक्या देशात पोचूनही ज्याची जात त्याच्या खिशात छापील राहते, त्याच्यासाठी वाडीचे नाव बदलणे ही शोभेची बाब नाही.

नाव बदलण्याची सरकारी वाट मात्र खडतर आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 1953 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गावाचे किंवा शहराचे नाव सबळ कारणाशिवाय बदलू नये, आणि बदलताना सर्व्हे ऑफ इंडिया, रेल्वे आणि टपाल खाते यांचा विचार घ्यावा लागतो. गावाखालच्या वस्तीला एवढ्या मोठ्या वळशाची गरज नसते, पण तिचे नाव ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत, मतदार यादीच्या भागात, शिधापत्रिकेवर, शाळेच्या पाटीवर आणि एसटीच्या थांब्यावर वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेले असते. त्यातल्या एका ठिकाणी बदल झाला आणि बाकीच्या ठिकाणी झाला नाही, तर त्याचा भुर्दंड त्या वस्तीतल्या माणसालाच पडतो.

यातला सर्वांत नाजूक भाग जात पडताळणीचा आहे. महाराष्ट्राच्या कायद्यानुसार अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचे आणि इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि त्यासाठी आजोबांचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद किंवा जमिनीचा उतारा असे जुने कागद पुढे करावे लागतात. त्या कागदांवर जुने वस्तीनाम असते. नव्या नावाची जुन्याशी सांगड घालणारी अधिकृत नोंद नसेल, तर ज्याच्या सन्मानासाठी नाव बदलले त्याच्याच नातवाला समितीपुढे समतानगर आणि महारवाडा ही एकच जागा आहे हे सिद्ध करत बसावे लागेल. म्हणून ‘पूर्वीचे नाव’ असा रकाना असलेली, सर्वांना पाहता येईल अशी तालुकानिहाय नोंदवही नामांतराच्या आदेशाबरोबरच निघायला हवी. नावे बदलल्याने अन्यायाचा इतिहास पुसला जातो, असा जो गंभीर आक्षेप घेतला जातो, त्यालाही हेच उत्तर आहे. इतिहास दप्तरात आणि अभ्यासात राहावा, त्यासाठी तो कोणा मुलाच्या हजेरीपटावर राहण्याची गरज नाही.

हा प्रश्न शहरांच्या नामांतराहून वेगळा आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर किंवा अहमदनगरचे अहिल्यानगर होणे हा कोणता इतिहास पुढे ठेवायचा याविषयीचा राजकीय वाद आहे. त्या शहरांच्या जुन्या नावांमुळे तेथील रहिवाशाला कोणी हीन लेखत नव्हते. प्राचीन नावे पुन्हा शोधून काढण्यासाठी आयोग नेमावा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2023 रोजी फेटाळली, ती याच पहिल्या प्रकारची होती. दोन्ही प्रकारांना नामांतर हा एकच शब्द वापरला जात असल्याने मोठ्या शहरांच्या गदारोळात वाड्यावस्त्यांचा प्रश्न झाकला जातो.

इतर देशांचा अनुभव पाहता अमेरिकेचे उदाहरण सर्वांत उपयोगी ठरते. तेथील भौगोलिक नाम मंडळाने 1963 मध्ये कृष्णवर्णीयांविषयीचा एक अत्यंत अपमानकारक शब्द सर्व नकाशांवरून काढून त्याच्या जागी सरसकट ‘नीग्रो’ हा शब्द घातला, आणि पुढे तो शब्दही अपमानकारक ठरल्याने तीच ठिकाणे पुन्हा वादात सापडली. तेथील हरिजनवाड्याचीच ही कथा म्हणता येईल. यातून शिकून 2021 मध्ये, त्या देशाच्या मंत्रिमंडळातील पहिल्या मूलनिवासी सदस्य देब हालंड यांनी मूलनिवासी स्त्रियांविषयीचा ‘स्क्वॉ’ हा शब्द अपमानकारक ठरवला, तेव्हा ठरावीक बदली शब्द दिला नाही. प्रत्येक डोंगर, ओढा आणि दरी यांच्यासाठी वेगवेगळी पर्यायी नावे मांडली गेली, जमातींशी सल्लामसलत झाली, आणि सप्टेंबर 2022 मध्ये सुमारे साडेसहाशे ठिकाणांची नवी नावे मंजूर झाली. डोंगरांचे काम एका वर्षात उरकले, पण ज्या मोजक्या ठिकाणी माणसे राहत होती तेथील निर्णय अधिक विचारासाठी मागे ठेवावा लागला, ही बाब महाराष्ट्राने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे, कारण येथील सगळीच नावे माणसांच्या वस्तीची आहेत. स्पेनमधील कास्त्रियो माताहुदिओस या चिमुकल्या गावाच्या नावात ‘ज्यूंना मारा’ असा अर्थ होता. 2014 मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून ‘ज्यूंची टेकडी’ या अर्थाचे जुने नाव परत घेतले. केरळचे मंत्री के. राधाकृष्णन यांनी जून 2024 मध्ये पद सोडताना काढलेल्या आदेशाने अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना ‘कॉलनी’ म्हणणे थांबवले आणि स्थानिकांच्या पसंतीचे नाव घेण्याची मुभा ठेवली. एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनीही तोच शब्द सरकारी नोंदींतून काढण्याची घोषणा केली. मराठी शहरात उच्चभ्रू वस्तीला शोभणारा हा शब्द दक्षिणेत अस्पृश्यतेची खूण बनला होता.

या सगळ्यावरून निर्णयाची जागा कोणती असावी, हा प्रश्न उरतो. ग्रामसभा हे त्याचे सरळ उत्तर वाटते, पण ग्रामसभेत बहुमत गावाचे असते, वस्तीचे नसते, आणि ज्यांनी पिढ्यान्पिढ्या बाह्यनाम वापरले त्यांच्याच हात वर करण्यावर वस्तीचे नवे नाव अवलंबून ठेवणे न्यायाचे नाही. भीमनगर हवे की क्रांतीनगर, की बौद्धवाडाच राहू द्यायचा, हे त्या पन्नास-साठ घरांनी आपल्या समाजमंदिरात बसून, बायकांच्या मतासह, ठरवावे आणि ग्रामपंचायतीने ते केवळ नोंदवून घ्यावे, हीच रीत योग्य ठरते. महाराष्ट्राला अशी रीत नवी नाही. अनुसूचित क्षेत्रांसाठी 2014 मध्ये केलेल्या पेसा (पंचायत विस्तार कायदा) नियमांनुसार एखाद्या पाड्याला किंवा वस्तीला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते आणि स्वतःची ग्रामसभा भरवता येते. गडचिरोलीपासून पालघरपर्यंतच्या आदिवासी पाड्यांसाठी ही वाट खुली आहे. अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या महारवाड्याला, मांगवाड्याला किंवा पारधी बेड्याला तशी सभा मिळालेली नाही. निदान स्वतःच्या नावापुरता तरी हा अधिकार त्या वस्त्यांना द्यायचा असेल, तर 2020 च्या शासन निर्णयाला सुचवलेल्या नावांच्या यादीऐवजी वस्तीसभेच्या ठरावाचे एक कलम जोडावे लागेल, आणि ते काम ग्रामविकास व नगरविकास या दोन्ही खात्यांनी मिळून करण्याजोगे आहे.